दुसरी दुर्बीण

परतूर
२८ एप्रिल २०२५

ती. आईस,
सुमेधाचा सविनय जयभीम. वि. वि.

प्रेम तुमच्याकडे नीट पोहोचला, बसमध्ये एकदाच उलटी झाली, हे तुमच्या शेजारच्या शीतलकडून कळलं. तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी ओरडायचं, ऑफिसातल्या सगळ्यांनी ऐकायचं आणि तुम्ही मात्र मी न विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं. म्हणून पत्र लिहिते आहे. पोस्टात नोकरी करणाऱ्या सुनेला ते शोभतंही. कानाचं यंत्र शिलाई मशीनच्या खणात ठेवायला घेतलेलं नाही, एवढं फक्त आठवण म्हणून लिहिते.

आता कामाचं. लहान बाळं दूध ओकतात आणि वर्ष-दीड वर्षात ते थांबतं. प्रेम सात वर्षांचा झाला तरी त्याचं थांबलं नाही. जठरातलं आंबट पाणी वर घशाशी येतं, झोपेत छातीत उतरतं, म्हणून तो खोकला आणि म्हणूनच तीनदा निमोनिया. औषध चालू असलं की बरं, बंद केलं की पुन्हा तेच. फेब्रुवारीत दुर्बीण टाकली तेव्हाच अन्ननलिकेत जखमा दिसल्या होत्या. मागच्या आठवड्यात औरंगाबादला मुलांच्या सर्जनबाईंना सगळे रिपोर्ट दाखवले. त्यांचं म्हणणं, जठराचं वरचं तोंड सैल आहे आणि जठराचा थोडा भाग छातीत सरकलेला आहे. औषधाने आम्ल कमी होईल, पण तोंड आवळणार नाही. ऑपरेशन करावं लागेल, तेही दुर्बिणीतून. पोट मोठं कापत नाहीत. बारीक छिद्रं पाडून आत कॅमेरा आणि हत्यारं घालतात, सरकलेला भाग खाली ओढतात आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून टाके घालतात. तुमच्या भाषेत सांगायचं तर कॉलर बसवतात.

तारीख १० जून मिळाली आहे. प्रेमचे पप्पा त्याआधी येऊन त्याला घेऊन जातील. तोवर सर्दी-कफ होऊ देऊ नका, नाहीतर तारीख पुढे जाते. झोपण्याआधी खायला देऊ नका, तो कितीही गोड बोलला तरी.

लोभ आहेच. उन्हाळ्यात तो आटू देऊ नये.

आपली,
सुमेधा

*

कुंभार पिंपळगाव
४ मे २०२५

चि. सौ. सुमेधा हीस,
आईचा सप्रेम जयभीम आणि मंगल कामना.

पत्र पोचलं. तुझं अक्षर इतकं बारीक की पोस्टात कागद वाचवायचं बक्षीस देतात की काय असं वाटलं. यंत्राचं म्हणशील तर ते कानात शिट्टी मारतं आणि मला वाटतं कुकर झाला. खणातच बरं.

प्रेम मजेत आहे. दुपारभर माझ्या मशीनखाली बसून कातरण गोळा करतो आणि बाहुल्यांना लंगोट बांधतो. खाणं चिमणीएवढं. दोन घास जास्त झाले की छातीवर हात ठेवून गप्प बसतो, मला कळतं आता वर येणार. आडवा झाला की खोकतो म्हणून मी त्याच्यासाठी उताराची उशी शिवली आहे. जुन्या नऊवारीची खोळ आणि आत सगळं कातरण. डोक्याकडे उंच, कमरेकडे निमुळती. त्यावर झोपला की खोकला कमी होतो.

आता तुझ्या पत्राचं. पोराला मी पाठवणार नाही. देवानंदला सांग, येण्याची तसदी घेऊ नको. फेब्रुवारीत एकदा त्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन करून आणलंत, तेव्हा मी काही बोलले का? देवानंदनेच फोन केला होता की दुर्बीण झाली, बराबर झालं, जल्दी घरी सोडलं. मंग बराबर झालं होतं तर पोरगं अजून ओकतं कसं? टाके उसवले, दुसरं काय. आता तिथंच पुन्हा शिवणार. सुमेधा, माझा जन्म मशीनवर गेला आहे. एकदा उसवलेल्या जागी परत सुई घातली की भोकं मोठी होतात आणि कापड धरत नाही. ब्लाउज असेल तर बाई दुसरं कापड आणून देते. पोराचं पोट दुसरं कुठून आणायचं?

तू शिकलेली आहेस, माझ्यावर रागावशील. रागाव. पण त्याला चार वर्षांचा होईपर्यंत मी सांभाळलं आहे, तुझी नोकरी लागली तेव्हा. मला बोलायचा हक्क आहे.

रागातसुद्धा लोभ असू द्यावा.

तुझी आई,
बेबीनंदा

*

परतूर
१३ मे २०२५

ती. आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मला हसावं की रडावं कळेना, म्हणून आधी हे त्याला आणायला सोमवारी आले. तुम्ही त्यांना वांग्याची भाजी खाऊ घातली, शर्टाचं बटण लावून दिलं आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. दिवसभर विजेच्या खांबावर चढणारा माणूस, पण आईसमोर त्याचा आवाज निघत नाही. घरी येऊन म्हणतात, आई ऐकूनच घेत न्हाई, मी काय करू. पौर्णिमेची खीर तुम्ही डब्यात दिलीत, ती मात्र बिलकुल सांडू न देता आणली.

आई, चूक झाली आहे आणि ती एका शब्दाची आहे. फेब्रुवारीत प्रेमचं ऑपरेशन झालंच नव्हतं. तेव्हा त्याला झोपेचं औषध देऊन तोंडावाटे बारीक नळी आत घातली, नळीच्या टोकाला कॅमेरा. आत जखमा आहेत का एवढंच पाहिलं आणि नळी काढून घेतली. कुठे कापलं नाही, शिवलं नाही. त्यालाही दुर्बीणच म्हणतात. आता जूनमध्ये करायचं आहे ते खरं ऑपरेशन, त्यालाही दुर्बीणच म्हणतात. डॉक्टर दोन्हीला वेगवेगळी इंग्रजी नावं घेतात. आपण सगळ्यालाच दुर्बीण म्हणून मोकळे होतो. यांनी फोनवर दुर्बीण झाली म्हणून सांगितलं आणि तुमच्या डोळ्यांसमोर तुमच्या गल्लीतल्या चांगुणाबाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन आलं असणार. उसवलेलं काहीच नाही, कारण शिवलेलंच नाही. कापड कोरं आहे.

आणि हक्काचं म्हणाल तर तो कोणी नाकारला? त्याला तुम्ही सांभाळलं म्हणून मी नोकरी टिकवू शकले, हे मला कोणी सांगायला नको. पण जानेवारीत त्याला ऑक्सिजन लावला तेव्हा शेजारी मी होते. त्याच्या बरगड्यांमध्ये खड्डे पडत होते. डॉक्टर म्हणाले, असा निमोनिया वारंवार झाला तर फुप्फुस कायमचं कमजोर होईल. माझ्याने चौथ्यांदा ते पाहवणार नाही. मला ऑपरेशनची भीती तुमच्यापेक्षा कमी वाटते असं समजू नका. मी रोज टपालावर शिक्के मारते आणि मनात तेच चालू असतं.

ही तारीख गेली तर पुढची दिवाळीनंतर मिळेल, आणि मध्ये सगळा पावसाळा आहे. त्याला पाठवा, आई.

लोभ तर आहेच, आता विश्वासही असावा.

आपली,
सुमेधा

*

कुंभार पिंपळगाव
१९ मे २०२५

चि. सौ. सुमेधा हीस,
सप्रेम जयभीम.

खरं लिहिते, तुझ्या पत्रावर माझा विश्वास बसला नव्हता. मला वाटलं, म्हातारीने पोराला सोडावं म्हणून दोघांनी मिळून रचलं. देवानंद लहानपणापासून असाच आहे, मला बरं वाटावं म्हणून पास नसला तरी पास सांगायचा. म्हणून मी माझ्या पद्धतीने तपासलं.

चांगुणाबाईकडे गेले. तिचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन दुर्बिणीतूनच झालं होतं, म्हणून आमच्या गल्लीत दुर्बीण म्हणजे ऑपरेशनच. तिला म्हटलं, पोट दाखव. ती म्हणाली, बाई, तुला काय झालं, माप घ्यायला आलीस का? मी म्हटलं, तसंच समज. पदर बाजूला करून दाखवलं तर अजून खुणा आहेत. बेंबीपाशी एक आणि वर बरगडीखाली बारीक बारीक, बटणाच्या काजाएवढ्या. इतकी वर्षं झाली तरी गेल्या नाहीत. मग घरी येऊन प्रेमला उन्हात उभं केलं आणि चष्मा लावून त्याचं पोट पाहिलं. बेंबीत पाहिलं, बरगडीखाली पाहिलं. त्याला गुदगुल्या होऊन तो हसत सुटला आणि विचारायला लागला, आजी, शर्ट शिवते का? गुळगुळीत पोट. एक खूण नाही. रोज आंघोळ मी घालते आणि एवढं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला वाटायचं, लहान मुलाचे व्रण लवकर बुजत असतील.

तर माझंच चुकलं. देवानंदला वाटेला लावलं त्याचं वाईट वाटतं. त्याला सांग, बटण लावलं ते मात्र पक्कं आहे.

मी प्रेमला स्वतः घेऊन परतूरला येते. तुमच्यासोबत औरंगाबादला थांबता येणार नाही, शाळा उघडायच्या आत अर्ध्या गावाचे गणवेश माझ्या मशीनवर आहेत आणि पोरं उघडी शाळेत गेली तर आया माझ्या दारात बसतील. शिवाय दवाखान्यात मला कोणी काही सांगितलं तर ऐकू येणार नाही आणि मी भलतंच धरून बसेन, तुला अनुभव आहे.

एक गोष्ट सर्जनबाईंना विचार. कॉलर बसवताना सैल ठेवली तर उपयोग नाही आणि घट्ट झाली तर गळा आवळतो. मी कॉलर शिवते तेव्हा आत दोन बोटं घालून पाहते. त्या पोटात बोटं कशी घालणार? पोराच्या गळ्याखाली घास अडकला तर? आठवणीने विचार.

लोभ मापाने नको, थोडा जास्तच असावा.

तुझी आई,
बेबीनंदा

*

औरंगाबाद, दवाखान्यातून
१२ जून २०२५

ती. आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

ऑपरेशन परवा नीट पार पडलं, हे यांनी शीतलच्या फोनवर कळवलं आहेच. तरी तुमचा फोनवर भरवसा नाही म्हणून लेखी कळवते. पोटावर पाच छोट्या पट्ट्या आहेत, आता तुम्हाला बघायला खुणा मिळतील. काल त्याला उभं केलं, आज वॉर्डभर फिरला. शेजारच्या खाटेवरच्या मुलाला सांगत होता की माझ्या पोटात आजीसारखी कॉलर शिवली आहे.

तुमचा प्रश्न मी विचारला. आधी विचारायला संकोच वाटत होता, पण तुम्हाला उत्तर काय द्यायचं म्हणून विचारलाच. सर्जनबाई खुर्चीत मागे टेकून हसल्या. म्हणाल्या, आम्हीही तसंच करतो. तोंडावाटे अन्ननलिकेत एक जाडसर नळी घालून ठेवतात, तिच्यावरून जठर गुंडाळून टाके घालतात आणि मग नळी काढून घेतात. नळीएवढी जागा आत राहतेच. तुमच्या दोन बोटांच्या जागी नळी. हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं की काही मुलांमध्ये पुढे कधीतरी ही घडी सैल पडते, म्हणून तपासणीला येत राहायचं. खोटा भरवसा दिला नाही, ते मला आवडलं.

आतून सूज असते त्यामुळे काही आठवडे पातळच खायचं. पेज, खीर, वरणाचं पाणी. ढेकर सहज येणार नाही आणि उलटी तर जवळजवळ होणारच नाही, म्हणून पोट फुगू द्यायचं नाही. आज सकाळी पाणी पिताना त्याला अडकल्यासारखं झालं, घाबरून माझा हात धरला. मीही घाबरले. थोड्या वेळाने उतरलं.

उताराची उशी इथे आणली होती. नर्सबाईंनी कोणत्या दुकानातून घेतली म्हणून विचारलं.

लोभ तिकडचा इकडे पाठवत राहावा, सध्या लागतो आहे.

आपली,
सुमेधा

*

कुंभार पिंपळगाव
२३ जून २०२५

चि. सौ. सुमेधा हीस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मशीनवर बसले पण गणवेशाच्या बाह्या उलट्या लावल्या. उसवून परत लावाव्या लागल्या. देवानंद येऊन गेला. म्हणाला, प्रेमला अजून मऊ भातसुद्धा अडकतो, घास घेऊन बराच वेळ बसून राहतो. माझ्या मनात तेच आलं जे येऊ नये. नळी घालून शिवलं म्हणतात, पण मापात चूक कोणाचीही होते. माझीही होते. आणि मीच त्याला हाताला धरून परतूरला आणून सोडलं होतं. काही कमीजास्त झालं तर मी स्वतःला काय सांगू?

चांगुणाबाई रोज विचारते. परवा तिने तिच्या भाचीच्या जावेचं काहीतरी सांगायला सुरुवात केली, तेव्हा मी मशीन जोरात चालवलं. ऐकू न येण्याचा तेवढा फायदा.

डॉक्टरांना पुन्हा दाखव. सूज असेल तर किती दिवस असते ते नक्की विचार. मला खरं तेच लिही, वाईट असलं तरी. देवानंदसारखं गोड करून लिहू नको.

लोभ आहे, जीव थाऱ्यावर नाही.

तुझी आई,
बेबीनंदा

*

परतूर
१७ जुलै २०२५

ती. आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्राला उशीर केला. मुद्दाम केला. अर्धवट लिहिलं असतं तर तुम्ही पुन्हा बाह्या उलट्या लावल्या असत्या. मध्ये शीतलकडून नुसतं बरं आहे एवढं कळवत राहिले, रागावू नका.

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात त्याला औरंगाबादला नेलं. सर्जनबाईंनी पांढरं औषध पाजून फोटो काढला आणि मला पडद्यावर दाखवलं. औषध गळ्यातून खाली गेलं, शिवलेल्या जागेपाशी जरा थबकलं आणि उतरलं. त्या म्हणाल्या, माप बरोबर आहे, सूज आहे, बहुतेक मुलांना असं होतं, वाट बघा. मी बघितली. आधी पेजेतला भात उतरू लागला, मग खिचडी. गेल्या रविवारी त्याने दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी खाल्ली, सगळी. खाऊन झाल्यावर छातीवर हात ठेवला, सवयीने. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. काहीच वर आलं नाही. तो स्वतःच चकित होऊन म्हणाला, मम्मी, राहिलं आत. आणि खेळायला गेला.

प्रेमचे पप्पा गच्चीवरची तार बघायला म्हणून वर गेले आणि बराच वेळ खाली आले नाहीत. गच्चीवर तार नाही, तुम्हाला माहीतच आहे.

खोकला नाही. आता आडवा झोपतो, अगदी सपाट, कधी पालथासुद्धा. आम्लाचं औषध सर्जनबाईंनी हळूहळू बंद करायला सांगितलं आहे. उताराची उशी त्याने परवा खाटेखाली ढकलली आणि म्हणाला की आजीला परत दे, तिला कातरण लागत असेल. यांच्याबरोबर पाठवते आहे. तुम्ही एवढ्या मायेने शिवलेली, तुम्हाला वाईट तर वाटणार नाही ना, असं मनात आलं. पण तुम्ही खरं तेच लिही म्हणाला होतात.

लोभ असाच वाढत असावा, त्याला पथ्य नाही.

आपली,
सुमेधा

*

कुंभार पिंपळगाव
२६ जुलै २०२५

चि. सौ. सुमेधा हीस,
आईचा सप्रेम जयभीम आणि पुष्कळ मंगल कामना.

उशी पोचली. वाईट कशाचं वाटायचं? मी शिवलेली एखादी वस्तू कोणाला नकोशी झाली म्हणून इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. देवानंदला जेवू घालून परत पाठवलं, या खेपेला रिकाम्या हाताने नाही. लोणच्याची बरणी तुझ्यासाठी आहे, प्रेमला एवढ्यात देऊ नको.

काल शीतलच्या फोनवरून प्रेम बोलला. मी आधीच मशीनच्या खणातून यंत्र काढून कानात घालून बसले होते. शिट्टी वाजली तरी काढलं नाही. तो शाळेचं काहीतरी सांगत होता, बाकावर कोण बसतं, कोण डबा खातं. खरं सांगू, मी त्याचं बोलणं कमी आणि खोकला जास्त ऐकत होते. पूर्वी दोन वाक्यं झाली की यायचा. तो बोलत राहिला, मी वाट बघत राहिले, आणि त्याने आजी ठेवू का म्हणेपर्यंत आला नाही. फोन शीतलला दिला आणि घरात येऊन पदर डोळ्याला लावला. चांगुणाबाईने पाहिलं. तिला म्हटलं, आनंदाचं आहे, भाचीच्या जावेचं सांगू नको.

उशी उसवली. कातरण उन्हात घातलं, खोळीला त्या आंबट दुधाचा वास बसला होता, तो दोनदा धुतल्यावर गेला. मग त्याच खोळीची आणि त्याच कातरणाची एक साधी उशी शिवली, पातळ, सपाट, सगळ्या पोरांची असते तशी. जुन्याच भोकांतून सुई गेली. एकदा उसवलेलं पुन्हा शिवलं की धरत नाही, असं मीच तुला लिहिलं होतं. शिवून झाल्यावर दोन्ही हातांनी शिवण चांगली ओढून पाहिली.

धरली आहे. प्रेमला पाठवते.

लोभ आहे, आणि आता जीवही थाऱ्यावर आहे.

तुझी आई,
बेबीनंदा